रिकामा कट्टा

हा देवळासमोरचा दगडी कट्टा पाहिलात? पंचांनी बसावं म्हणून घडवलेला. पण आमच्या वेळणे गावचे पंच यावर बसत नाहीत. न्याय करायचा असला की खाली मातीत उभे राहतात, पागोटं काढून हातात धरतात. पाव्हण्यांना नवल वाटतं. आम्हाला सांगायला जड जातं, पण विचारलंत तर सांगितलं पाहिजे.

मागं दिसते ती देवीची राई. तिथली वाळकी काटकीसुद्धा उचलायची नाही, आणि जो कोयता लावील त्यानं गाव सोडायचा, असा वाडवडिलांचा कायदा. कायदा वाईट नव्हता. त्याच्याच जोरावर राई टिकली, राईमुळे झरे टिकले.

धाकोजी गावकरांच्या काळची गोष्ट. त्यांची सून सुंदरी, तिचे दिवस भरत आले होते. माहेराहून परतताना पावसानं ओढा चढला आणि ती राईपाशी अडकली. सोबतीचा गडी माणसं आणायला लांबच्या वाटेनं धावला. इकडे तिला कळा सुरू झाल्या. जवळ म्हशी चारणारी कोंडाई धनगरीण होती. तिनं सुंदरीला झाडाखाली ओढलं, कोयत्यानं फांद्या तोडून आडोसा केला, ढोलीतली कोरडी लाकडं काढून चकमकीनं जाळ पेटवला. मूल निळं पडलं होतं म्हणे. त्या उबेला धरलं तेव्हा ते रडलं.

पाऊस ओसरल्यावर पंच कट्ट्यावर बसले. मधोमध धाकोजी. सारा गाव जमला होता, आणि खरं काय ते साऱ्या गावाला ठाऊक होतं.

कोंडाई म्हणाली, "फांद्या म्या तोडल्या. न्हाई म्हनत न्हाई. तुमी तितं आसता तर काय क्येलं आसतं, येवढंच सांगा."

कुणी तोंड उघडलं नाही. धाकोजी खाली बघत म्हणाले, "कायदा मी केलेला नाही, कोंडाई. घरच्यासाठी मोडला, तर उद्या राईत रोज कोयते चालतील."

घरी सुंदरी दाराला धडका देत होती. बाळंतिणीनं देवळापुढे जायचं नसतं, म्हणून सासूनं बाहेरून कडी घातली होती.

कोंडाई म्हशी आणि म्हातारी सासू घेऊन घाट चढून गेली. बायका दारांच्या फटींतून बघत राहिल्या. वाटेला भाकरीसुद्धा कुणी बांधून दिली नाही.

सोयर फिटल्यावर सुंदरी मूल घेऊन थेट इथं आली. पंच बसलेच होते. तिनं मूल धाकोजींच्या पायाशी, या कट्ट्यावर ठेवलं.

"मामंजी, राईचं लाकूड चोरीचं ना? मग त्या जाळावर जगलेलं हे पोरही चोरीचंच. याला कुठं टाकू, तेवढं सांगा."

धाकोजींनी पागोटं उतरवलं आणि ते कट्ट्यावरून खाली उतरले. मागोमाग बाकीचे पंच उतरले. असं सांगतात, की त्यानंतर त्यावर कुणी बसलं नाही.

मग सगळे मिळून घाटापलीकडे गेले. कोंडाई सापडली. तिची सासू घाट चढतानाच गेली होती. दगड रचून तिला एकटीनंच माती दिलेली. धाकोजींनी कोंडाईपुढे डोकं टेकलं, परत चल म्हणाले.

कोंडाई म्हशीची धार काढत होती. तिनं वर पाहिलं नाही. म्हणाली, "कायद्याचा राग न्हाई मला. पर गाव भरून मानसं हुती की वो! येकानं तरी तोंड उघडायचं हुतं."

ती आली नाही.

राईचा कायदा तसाच आहे. पण आता निवाड्याआधी प्रत्येक पंचाला, त्या जागी मी असतो तर काय केलं असतं, हे मोठ्यानं सांगावं लागतं. गप्प राहिला तो पंच राहत नाही.

आजही जत्रेला कोंडाईच्या कुळातली माणसं घाट उतरून येतात. देवीला नारळ देतात, आमच्याशी गोड बोलतात. आम्ही पाण्याचा तांब्या पुढे करतो. ते हात जोडतात आणि तहानलेलेच घाट चढू लागतात.