मामलेदाराचं सुतक

“कुणाचं सुतक?” महाराजांनी विचारलं.

“मामलेदाराचं,” ऋजुता म्हणाली.

सभामंडपाच्या पायऱ्यांखाली, अंगणात ती उभी होती. ओंजळीत फुलं नाहीत, कपाळाला गंध नाही. वर संध्याकाळच्या आरतीची तयारी चाललेली.

तबकात वाती मांडता मांडता दिगंबरशास्त्रींना हसू आवरेना. “महाराज, मामलेदार म्हणजे हिचं ते कुत्रं. काल गेलं. कालपासून ही पोरगी देवाला शिवत नाही, पंगतीला बसत नाही. कुत्र्याचं सुतक! गोत्र काय म्हणे त्याचं?”

“गोत्र ठाऊक नाही.” ऋजुताची मान खाली गेली नाही. “एसटी स्टँडवर कुणीतरी खांबाला बांधून गेलं होतं त्याला. नायलॉनच्या दोरीनं. मानेवर वळ होता, तिथं शेवटपर्यंत केस आले नाहीत.”

मठात तो सगळ्यांच्याच ओळखीचा. म्हातारा, ठार बहिरा, तोंडात औषधालाही दात नाही. ऋजुता भाकरी दुधात कुस्करून भरवायची. दारात बसून येणाऱ्याजाणाऱ्याकडे असा बघायचा, की जणू याच्या सहीशिवाय कुणी आत जायचं नाही. म्हणून मामलेदार.

महाराज पायऱ्यांच्या कडेपर्यंत आले. वय झालेलं. खांबाचा आधार घेऊन उभे राहिले.

“उद्या उत्सव. सकाळी तुला अनुग्रह द्यायचाय, पोरी.”

“हो.”

“सुतकात देता येत नाही.”

“माहीत आहे.”

“पुढच्या उत्सवाला मी असेन, नसेन...”

या एका सकाळसाठी ती घरच्यांशी भांडून, हातची नोकरी सोडून मठात येऊन राहिली होती.

“मग म्हण, सुतक नाही.”

“कसं म्हणू? आहे ना.”

आत कुणाच्या तरी हातून परात पडली. ठणठण करत फरशीभर फिरली. ऋजुता दचकली, आणि तिचा हात आपसूक खाली गेला. गुडघ्याशी, नुसत्या हवेत. तिथंच थांबला.

महाराजांनी ते पाहिलं.

“काय शोधलंस?”

“त्याचं डोकं. मला सगळ्याचीच भीती वाटते, महाराज. फटाके, फोन, वाऱ्यानं दार आपटलं तरी. त्याला काही ऐकूच यायचं नाही. इथं घंटा दणाणायच्या आणि हा पाय ताणून झोपलेला. त्याच्याकडे बघितलं की वाटायचं, म्हणजे काही झालेलं नाही...”

“यालाच मोह म्हणतात,” शास्त्री म्हणाले.

“म्हणू दे.”

“अगं, सुतक रक्ताच्या नात्याचं असतं!”

“महाराज कुठे माझ्या रक्ताचे आहेत?” ती गर्रकन शास्त्रींकडे वळली. “उद्या यांचं काही बरंवाईट झालं, तर तुम्हीच मला सुतक पाळायला लावाल ना? तेव्हा विचाराल गोत्र?”

बोलून गेल्यावर तिची तिलाच धडकी भरली. पण शब्द काही तिनं मागे घेतले नाहीत.

शास्त्री लालबुंद. “जिभेला काही हाड? कुणापुढे उभी आहेस, कळतंय का? यांची जन्मदाती गेली, निरोप घेऊन माणूस याच पायरीशी आला होता. संन्याशाला सुतक नसतं. महाराजांनी आंघोळ केली आणि ओलेत्यानं आरतीला उभे राहिले. एक ओळ चुकली नाही! आणि तू एका कुत्र्यापायी...”

“मला नाही जमायचं ते,” ऋजुता म्हणाली. “आणि जमलं तरी करणार नाही. राहू दे अनुग्रह. त्याला कुणीतरी खांबाला बांधून निघून गेलं होतं. मीही आंघोळ करून निघून जाऊ?”

आरतीची वेळ झाली. शास्त्रींनी निरांजनं पेटवली, तबक महाराजांच्या हातात दिलं. सगळे उभे राहिले. टाळ वर उचललेले, पण वाजेनात.

महाराज ज्योतींकडे बघत होते. बराच वेळ...

मग त्यांनी तबक पुन्हा शास्त्रींच्या हातात ठेवलं. खांब सोडला. एकेक पायरी चाचपत अंगणात उतरले आणि ऋजुताच्या शेजारी येऊन उभे राहिले.

“महाराज!” शास्त्रींचा आवाज चिरकला. “आपल्याला? कुत्र्याचं सुतक?”

“छे,” महाराज म्हणाले. “आईचं राहिलंय.”