सलोमीबाईनं अडवलेली विहीर

लई जुनी गोष्ट आहे. धामणखोरीला गाडीरस्ता नव्हता, दवाखाना नव्हता, तेव्हाची. पण आमच्या लुथरन मंडळीची पाळक घडवायची शाळा तेव्हाही होती, टेकडीच्या पायथ्याशी, कौलारू. दूरदूरच्या गावची माणसं तिथं तीन-तीन वर्षं राहायची, शास्त्र शिकायची, उपदेश करायला शिकायची आणि दीक्षा घेऊन आपापल्या मंडळीवर जायची. पुस्तकातलं शिकवायला पंडितसाहेब होते. पुस्तकात नसलेलं शिकवायला सलोमीबाई होती. ती शाळेची स्वयंपाकीण. तिला एक अक्षर येत नव्हतं. तरी ती हो म्हटल्याशिवाय कुणाची दीक्षा व्हायची नाही, असं म्हणतात.

तिची रीत अशी. नवा गडी आला, की त्याला चुलीपाशी बोलवायची आणि कानात सांगायची, "पंडितसाहेबांची बशी मांजरानं नाही, मी फोडली." मग बाकीच्यांना त्याच्यामागं लावायची. आठवडाभर ते त्याला चिडवायचे, गूळ द्यायचे, शपथा घालायचे. बशीची गोष्ट फिरून तिच्या कानी आली, की त्या गड्याचं ताट पालथं!

"बाबा, तू घरी जा आणि शेळ्या राख. शेळ्यांना कुणी काही विचारत नाही."

सगळे हसायचे. ती नाही हसायची. म्हणायची, "माणूस मरताना पाळकाच्या कानात पोट रिकामं करतं. ते तिथंच राहिलं पाहिजे. एकदा बाहेर पडलं, की पुढं कुणी तोंड उघडणार नाही. मग सगळी आपापलं पाप उशाला घेऊन मरतील."

एका वैशाखात पटकी आली. सकाळी उलटी, दुपारी जुलाब, दिवस मावळायच्या आत माणूस गार. पहिल्याच आठवड्यात आमचे पाळकसाहेब गेले. पंडितसाहेब अंथरुणाला खिळले. विद्यार्थी पळाले. एक गमलिएल उमाप तेवढा राहिला. पंचविशीचा गडी, येत्या रविवारी त्याची दीक्षा होती. मरणाऱ्यांची पापकबुली ऐकायला दुसरं कुणी नव्हतं, म्हणून तोच घरोघर जायचा.

एके दिवशी तो पाच घरी गेला. पाच जणांनी त्याच्या कानात सांगितलं, त्यानं पाचांच्या डोक्यावर हात ठेवून क्षमेचं वचन बोललं, आणि दुपारपर्यंत पाचही जण गेले. गमलिएल शाळेत आला तो भिंत धरत. दात वाजत होते, एवढ्या उन्हात.

"सलोमीआई, मी एक ऐकलंय. सांगितलं तर एक घर जळेल. नाही सांगितलं तर गाव मरेल."

घर जळेल म्हणाला ते उगीच नाही. पलीकडच्या खेड्यात, हिनं रोग आणला म्हणून, लोकांनी एका बाईचं घर माणसांसकट पेटवलं होतं. धूर इथून दिसला होता.

सलोमीबाई म्हणाली, "सांगू नको. मलाही नको. पाय जिकडं ओढतात तिकडं चल, मी मागं येते."

तो वस्तीच्या विहिरीपाशी जाऊन उभा राहिला. तिनं त्याच्याकडं पाहिलं, विहिरीकडं पाहिलं. काही विचारलं नाही. रहाटाचा दोर सोडून कमरेला गुंडाळला आणि काठावर बसली.

बाया घागरी घेऊन आल्या. "सलोमीबाई, दोर सोड."

"झऱ्याचं आणा."

"झरा कोसभर लांब! घरात माणसं पाणी पाणी करतात. का अडवतेस?"

"मला माहीत नाही."

खरंच माहीत नव्हतं तिला. म्हणून तर ती पुढं बसली. जिच्यापाशी काही नाही, तिच्यापासून कुणी काय काढणार?

दोन दिवस ती बसली. तिसऱ्या दिवशी गडीमाणसं काठ्या घेऊन आली. त्यांचा पुढारी सुगंधराव. त्याचे दोन लेक गेले होते. डोळे लाल. त्यानं गमलिएलची मान धरली.

"तू पाच घरी गेलतास. विहिरीत कुणी काय केलं? नाव घे!"

मग सुगंधरावानं सलोमीबाईच्या कमरेचा दोर ओढून घेतला.

"कुणी काहीच केलं नाही ना? मग पी हे पाणी." त्यानं घागर भरून गमलिएलच्या तोंडाशी आणली. "पितोस, का नाव घेतोस?"

बघा आता. प्यावं तर मरण. नाही म्हणावं तर पाण्यात खोट आहे हे कबूल, आणि मग पाचही घरं पेटली असती. गमलिएल पाण्याकडं बघत राहिला.

सलोमीबाई उठली. "त्याला उद्या पाळक व्हायचंय. मी म्हातारी, मी पिते. उद्या या वेळेला मी चालती राहिले, तर विहीर तुमची आणि मी तुमची गुन्हेगार. पडले, तर विहीर बुजवा, आणि माणसाकडं बोट करायचं नाही. पाणी नासतं. कबूल?"

सुगंधराव म्हणाला, "कबूल."

गमलिएलनं तोंड उघडलं. तिनं त्याच्याकडं नुसतं बघितलं. त्यानं तोंड मिटलं. दाताखाली ओठ फुटून हनुवटीवर रक्त आलं, असं म्हणतात.

ती सगळी घागर प्याली.

दिवस मावळायच्या आत ती गेली. गमलिएलच्या मांडीवर गेली. शेवटी तिनंही त्याच्या कानात काही सांगितलं, आणि त्यानं तिच्याही डोक्यावर हात ठेवला. त्याच घडीला विहिरीतून हुंकार आला, पाणी काळं झालं आणि खाली खाली जाऊन दिसेनासं झालं, असं म्हणतात. सुगंधरावानं पहिला दगड विहिरीत टाकला. नंतर धामणखोरीत पटकीनं एकच माणूस मेलं, तेही आधीच अंथरुणाला लागलेलं, आणि घर एकही जळलं नाही.

गमलिएल चाळीस वर्षं पाळक राहिला. लोकांनी त्याला दारू पाजून विचारलं, मरताना उशाशी बसून विचारलं. त्या पाचांतलं कोण आणि काय बोललं, ते मलाही माहीत नाही. माहीत असतं तर ही गोष्टच राहिली नसती.

अजूनही दीक्षेच्या आदल्या दिवशी होणाऱ्या पाळकाला धामणखोरीला यावं लागतं. त्या दिवशी वस्तीत कुणी नळ सोडत नाही. त्यानं एकट्यानं झऱ्यावरून सलोमीबाईच्या नावानं पाणी आणायचं आणि घरोघर ओंजळीत घालायचं. बुजवलेल्या विहिरीवरून येताना सलोमीबाईची घागर आठवून त्याचे हात थरथरतात, घागर हिंदकळते, अर्धं पाणी सांडतं. कुणी हसत नाही. पण एखादा थेंबही न सांडता ताठ चालत आला, तर म्हाताऱ्या ओंजळ मागं घेतात.

"अजून वर्षभर थांब, बाबा. तुला अजून भ्या वाटलेलं नाही."