बर्गरची जाहिरात आणि गेनूची बायको

टाकेवाडीत गेनू नावाचा एक भोळा गडी राहायचा. सांगितलं ते करायचा, जसंच्या तसं. म्हणून गावात त्याला कुणी काही सांगत नसे. पण घरात टीव्ही आला, आणि टीव्हीला हे ठाऊक नव्हतं.

टीव्हीवर बर्गरची जाहिरात लागायची. एक भुकेली बाई बर्गर तोंडाशी नेते. शेजारचा बाप्या तो हिसकावतो आणि खातो. आता बाईने त्याच्या कानाखाली द्यावी की नाही? तर ती हसते. सगळे नाचतात. मग आवाज येतो, "वाट बघू नका, उचला." दुसऱ्याच्या तोंडचा घास काढायचा आणि वर नाचायचं. हे पोरांच्या कार्टूनमध्ये दहादा दाखवायचे.

गेनूने मान डोलावली. एवढे शिकलेले लोक खोटं कशाला सांगतील?

सणाला त्याच्या बायकोने, कलावतीने, देवापुढे पुरणपोळीचा नैवेद्य ठेवला. गेनूने उचलला, खाल्ला आणि ती कधी हसते ते बघत बसला.

कलावती हसली नाही. "कुणाच्या पुढ्यातलं घेण्याआधी हात जोडावेत, विचारावं. एवढंही कळत नाही तुम्हाला?" असं म्हणून पिशवी भरली आणि माहेरी गेली.

गेनूने ते ध्यानात ठेवलं. दुसऱ्या दिवशी कुणाची तरी म्हैस अंगणात शिरली आणि वाळत घातलेले गहू खाऊ लागली. गेनू तिच्यापुढे हात जोडून उभा राहिला. "बाई, तुमच्या पुढ्यातले थोडे घेऊ का?"

म्हैस काही बोलली नाही. गहू संपले.

शेजारची सोनाक्का म्हणाली, "अरे येड्या, दाण्याला तोंड लावणाऱ्याला हात जोडतोस? काठी घ्यावी, हाड् म्हणावं, हाकलावं."

गेनूने हेही ध्यानात ठेवलं.

पुढे कलावतीचा आजा वारला. दहाव्याला गेनू काठी घेऊन नदीवर गेला. मनात एकच, बायकोला घेऊन यायचं.

पिंड ठेवला. कावळा काही शिवेना. सगळी भावकी उन्हात ताटकळली. "आबा, तुमची गाय विकणार नाही," एकाने सांगितलं. "आबा, धाकट्याला शिकवू," दुसऱ्याने सांगितलं. कावळा फांदीवरच.

शेवटी गेनूची सासू पुढे झाली. "मामंजी, तुमचा जीव नातीत, ह्या कलीत अडकलाय. पिंडाला शिवणं होऊ द्या, आजच्या आज तिला सासरी धाडते."

कावळा उतरला. टुणटुण करत पिंडाशी आला. चोच उघडली.

"हाड्, हाड्," करत गेनू काठी घेऊन धावला. कावळा नदीपार गेला.

भावकीने कपाळाला हात लावला. मग सासरा हळू म्हणाला, "जावईबापू, बसा. आता दिवस मावळेपर्यंत वाट बघा."

वाट? गेनूने पिंडाला हात जोडले. "घेऊ का?" विचारलं. पिंड उचलला आणि उभ्या उभ्या खाल्ला. मग तोंड पुसून सासूला म्हणाला,

"शिवलो मी. धाडा कलीला."