सात शेतांनी धरलेल्या भुईची कहाणी

ऐका भुईमाये, तुमची कहाणी. बायांनो, चिमूट चिमूट माती हातात धरा. कहाणी संपेपर्यंत मूठ सोडू नका.

डोंगराच्या कुशीत एक आटपाट नगर होतं. तिथं एक राजा होता, त्याची कनकावती नावाची राणी होती. डोंगराचा माथा राणीचा, माथ्यावर तिच्या घोड्यांचं कुरण. माथ्याखाली उतार, उतारावर सात कुणब्यांची सात शेतं, एकाखाली एक. सगळ्यांत खालचं शेत ठकूबाईचं आणि तिच्या नवऱ्याचं, सुभानाचं. शेताखाली ओढा, ओढ्याकाठी सगळ्यांची मिळून एक विहीर.

त्या नगरात काय होई? फाल्गुन आला की राणीचे चाकर कुरण पेटवीत, का तर राखेतून कोवळं गवत लवकर फुटतं. कुणबी धसकटं जाळीत, का तर ती नांगराला आडवी येतात. नांगर वरून खाली चालवीत, का तर बैलांना हलकं जातं. मग आषाढात पाऊस पडे. डोंगरावरून लाल पाणी सुटे, सात शेतांतून धावे, ओढ्याला मिळे, ओढा नदीला मिळे. दिवाळीला ओढा आटे, संक्रांतीला विहीर आटे. बायका कोसावरून पाणी आणीत आणि आपल्या नशिबाला बोल लावीत.

एके दिवशी भाद्रपदात ठकूबाई ओढ्यावर धुणं धूत होती. पाऊस नुकता उघडला होता. बघते तो पाण्यातून एक म्हातारी चाललेली. लाल लुगडं, पदर पाण्यावर पसरलेला, पदरातून लाल पाणी गळतंय. ठकूबाईनं तिला हात दिला, पण म्हातारी काही काठाला येईना. मग ठकूबाईनं विचारलं, "आजीबाई, आपण कोण? एवढ्या पाण्यातनं कुठं निघालात?"

म्हातारी म्हणाली, "अगं, मी तुझी भुई. तुझ्या आजेसासूच्या वेळी कमरेइतकी होते, आता वीतभर उरले. कोणी मला धरतच नाही, मग जाऊ नको तर काय करू?"

ठकूबाई तशीच पाण्यात उतरली, म्हातारीचे पाय धरले. म्हणाली, "आई, तू राहशील असं काही सांग." म्हातारी म्हणाली, "सांगेन, पण तू उतशील, मातशील, घेतला वसा टाकशील." ठकूबाई म्हणाली, "उतणार नाही, मातणार नाही, घेतला वसा टाकणार नाही."

मग म्हातारीनं वसा सांगितला. पौषी पुनवेला वसा घ्यावा. भुई उघडी ठेवू नये, पाल्यापाचोळ्यानं झाकावी. भुईला आग लावू नये, तिचं धसकट तिला द्यावं. भुई पाण्यासंगं धाडू नये, आडवं नांगरावं, आडवा बांध घालावा. रोज शेणाची एक पाटी द्यावी. वैशाखी पुनवेला वसा संपूर्ण करावा, सात बायांना कण्या आणि हुलग्याचं माडगं जेवू घालावं. म्हातारी आणखी एक गोष्ट सांगत होती, पण वरून लोंढा आला, पाण्याच्या आवाजात ती ऐकू आली नाही. लोंढा ओसरला तेव्हा म्हातारी तिथं नव्हती.

पौष आला. ठकूबाईनं वसा घेतला. रानातला पाला डोईवर आणला, शेतावर पसरला. धसकटं जाळली नाहीत. ओढ्यातले दगड आणले, शेताला आडवा बांध घातला. सुभान आधी कुरकुरला, की बाकीच्यांची कामं उरकली, आपलीच राहिली. मग बायकोचे सोललेले हात बघितले आणि मुकाट्यानं दगड उचलू लागला. वैशाखी पुनवेला वसा संपूर्ण झाला.

आषाढ आला. पावसानं एका दुपारी झोड लावली. वरच्या सहा शेतांचं पाणी एकत्र झालं, ठकूबाईच्या बांधावर येऊन आपटलं, बांध मधोमध फुटला. पाला गेला, शेण गेलं, पेरलेली बाजरी गेली. ठकूबाई चिखलात बसली आणि रडली. तिनं एकही नेम चुकवला नव्हता. तिला म्हातारीचा राग आला, दगडांचा राग आला, स्वतःचा राग आला.

तेवढ्यात सुभानानं हाक मारली. शेताचा उगवतीचा कोपरा तेवढा वाचला होता. तिथं वरच्या अंगाला करंजाची दाट झाडी होती, पाणी तिला अडून बाजूनं गेलं होतं. पुढं त्या कोपऱ्यातली बाजरी माणसाच्या वर गेली. काढणीच्या वेळी ठकूबाईनं तिथं मातीत हात घातला, तर हात मनगटापर्यंत शिरला. माती काळी, मऊ, आणि मूठभर मातीत पाच गांडुळं. तेव्हा तिला कळलं, की म्हातारी शेवटी काय सांगत होती. वरची शेतं धरल्याशिवाय खालचं धरता येत नाही. हा वसा एकटीचा नव्हेच.

मग ती घरोघर निघाली. पहिल्या घरी भागूबाई होती. ती म्हणाली, बांध घातला तर दोन हात रान बांधातच जाईल. दुसऱ्या घरी चंद्राऊ होती. ती म्हणाली, आमच्या वरच्यांना आधी सांग. तिसऱ्या घरी म्हाळसाबाई होती. ती म्हणाली, "ठकू, आमच्याही वर राणीचं कुरण आहे. माथाच उघडा तर आम्ही काय झाकायचं?" सगळ्यांची बोटं वरच होती. ठकूबाईनं मनात म्हटलं, चला, मग वरच जाऊ.

तिनं आपल्या कोपऱ्यातलं एक वाळलं ढेकूळ घेतलं. वाटेत राणीच्या कुरणातलं एक घेतलं. राजवाड्यात गेली. दारावरच्यानं अडवलं, तशी ती उन्हात बसून राहिली. पहिला दिवस गेला, दुसरा गेला, तिसऱ्या दिवशी राणीनंच खिडकीतून बघितलं आणि आत बोलावलं. म्हणाली, "बाई, ओटीत ढेकळं घालून राजवाड्यात येतं का कोणी?"

ठकूबाईनं एक परात मागितली, पाणी मागितलं. परातीत पाणी ओतलं, एका अंगाला आपलं ढेकूळ ठेवलं, एका अंगाला राणीचं. दासी वाकून बघू लागल्या. राणीही वाकली. बघता बघता राणीचं ढेकूळ फसफसलं, कडा सुटल्या, मधोमध चिरलं आणि त्याचा गाळ होऊन परातभर पसरला. ठकूबाईचं ढेकूळ होतं तसं बसून राहिलं. राणीनं बोट लावून बघितलं. पाणी प्यालं होतं, मऊ झालं होतं, पण मोडलं नव्हतं.

राणीनं विचारलं, "माझा डोंगर असा विरघळतोय?"

ठकूबाई म्हणाली, "होय बाईसाहेब. तुमचा विरघळतो, मग आमचा वाहतो. आम्ही सात जणी धरायला तयार होऊ, पण माथा तुम्ही धरायला हवा."

राणी म्हणाली, कुरण पेटवायचं नाही असा हुकूम देते. ठकूबाई म्हणाली, हुकमानं आग थांबेल, माती थांबणार नाही, वसा हातानं धरावा लागतो. दासींनी जिभा चावल्या. राणी मात्र गाळाच्या परातीकडे बघत होती. मग म्हणाली, पौषी पुनवेला येते.

आणि बायांनो, ती आली. लुगडं खोचून, अनवाणी आली. राणी माथ्यावर आहे हे कळल्यावर घरात कोण बसतं? भागूबाई आली, चंद्राऊ आली, म्हाळसाबाई आली, नवरे आले, सासवा आल्या. लोटाभर पाणी ओतावं, ते कुठं वळतं ते बघावं, जिथं थबकतं तिथं खूण करावी. खुणेला खूण जोडावी, त्या रेघेवर चर खणावा. कोणी खणी, कोणी दगड वाही, कोणी बांधावर गवताचे ठोंब लावी. राणीच्या तळहाताला फोड आले, ते तिनं सगळ्यांना दाखवले, बायका हसल्या, तीही हसली. आज किती झालं, उद्या कुठवर पोचू, हेच बोलणं. दर आदितवारी आख्खा डोंगर माणसांनी गजबजे. वैशाखी पुनवेला माथ्यापासून ओढ्यापर्यंत आडव्या रेघा उमटल्या आणि सात घरच्या बाया एका पंगतीत कण्या आणि माडगं जेवल्या. राणीनं माडगं दोनदा मागून घेतलं.

आषाढ आला. तशीच झोड लागली. पण या खेपेला घरात कोणी थांबेना. घोंगड्यांच्या खोळी घेऊन सगळे आपापल्या बांधावर उभे. माथ्यावरचा चर भरला, तिथून हाक आली. हाक पहिल्या शेताला पोचली, पहिल्यानं दुसऱ्याला दिली. दुसरं भरलं, तिसरं भरलं. पाणी येई, बांधाला टेके, वाट बघे, मुरे, उरेल तेवढं हळूच पुढं जाई. ठकूबाई सगळ्यांत खाली उभी होती. लाल लोंढ्याची वाट बघत होती. चौथ्यातून हाक आली, पाचव्यातून आली, सहाव्यातून आली. आणि तिच्या बांधावर पाणी आलं ते पायाची बोटं दिसतील असं नितळ. तिनं ओंजळीत घेतलं. सुभानाला दाखवलं. मग वर तोंड करून तिनं हाक दिली, ती माथ्यावर राणीला ऐकू गेली.

त्या साली संक्रांतीला विहीर आटली नाही, होळीलाही आटली नाही. बाजरी झाली, तूर झाली, मटकी झाली. दुसऱ्या साली त्याहून झालं. तिसऱ्या साली मात्र बायांनो, जे व्हायचं ते झालं. विहिरीत पाणी दिसतंय म्हणून चंद्राऊनं ओढ्याकाठी ऊस लावला. तिचा बघून भागूबाईनं लावला. राणीनं ओढ्याकाठी मळा केला. आणि ठकूबाईनं काय केलं? तिनंही लावला. रात्रंदिन मोटा चालू झाल्या. उसाच्या गडबडीत शेणाची पाटी राहिली, पाला राहिला, चरात गाळ भरला तो कोणी काढला नाही. फाल्गुनात ठकूबाईनं विहिरीत घागर सोडली, ती खणकन दगडावर वाजली.

तेव्हा तिला आपलं बोलणं आठवलं. उतणार नाही, मातणार नाही. दुसऱ्यांना काय म्हणायचं, तीच उतली होती, तीच मातली होती. ती तशीच शेतात गेली. विळा घेतला आणि डोक्याइतका वाढलेला हिरवा ऊस कापायला लागली. सुभान धावत आला, तिचा हात धरला, म्हणाला, "अगं, वेड लागलं का? सालभराचं पीक आहे."

ठकूबाई म्हणाली, "सालभराचं आहे म्हणूनच कापते. अजून दोन महिने हा जगला तर गावाला प्यायला पाणी उरणार नाही."

सुभान उभा राहिला. मग त्यानं दुसरा विळा आणला. कापलेला ऊस त्यांनी गोठणीवर गावाच्या जनावरांपुढं टाकला. भागूबाई तिला खूप बोलली, तिनं ऐकून घेतलं. तीन दिवस कोणी तिच्याशी बोललं नाही. चौथ्या दिवशी भागूबाईच आपल्या उसाचा भारा डोईवर घेऊन गोठणीवर आली. मग चंद्राऊ आली. मग राणीनं मळा मोडला. मोटा थांबल्या. त्यानंतर चौथ्या दिवसापासून विहिरीच्या तळाला पाझर फुटू लागला, घागर बुडेल इतकाच, पण फुटला.

मग सगळे विहिरीवर बसले आणि नेम केला. दर साली कार्तिकी पुनवेला दोर सोडून पाणी मोजायचं. पहिला वाटा पिण्याचा, दुसरा जनावरांचा, उरेल त्यात बसेल तेच पीक लावायचं. राणीला आणि कुणब्याला एकच दोर.

नेम पाळला. चर उपसले, पाला पसरला, शेण दिलं. माथ्यावर गवत छातीएवढं झालं. एक साल गेलं, दोन गेली, तिसऱ्या साली वैशाखी पुनवेला पंगत बसली आणि ओढा अजून वाहतच होता. कोणीतरी म्हणालं, ओढ्याला मोठा बांध घालू, थेंब बाहेर जाऊ देऊ नये. बोलणं चाललं होतं, तोच ओढ्यातून माणसं वर येताना दिसली. दहा-बारा बाया होत्या, पाय घोट्यापर्यंत ओले, कडेवर लेकरं. खाली दोन कोसांवरच्या गावच्या होत्या. त्यांची पुढारीण मुक्ताऊ म्हणाली, आमच्या जन्मात वैशाखात ओढ्याला पाणी बघितलं नाही. यंदा वैशाख अर्धा सरला तरी आटेना. येतं कुठून ते बघावं म्हणून धार धरून निघालो, ती इथवर आलो.

मोठ्या बांधाचं बोलणं जागच्या जागी राहिलं. मग मुक्ताऊनं हात जोडून विचारलं, "बाई, हे पाणी कुणाचं?"

ठकूबाईनं राणीकडे बघितलं, भागूबाईकडे बघितलं. मग म्हणाली, "आमच्या भुईत होतं तोवर आमचं. आता तुमच्याकडे निघालंय."

तिनं बारा पानं वाढली. बायांना जेवू घातलं, डोंगर चढून माथा दाखवला, वसा सांगितला. म्हातारीचं जे बोलणं लोंढ्यात राहून गेलं होतं ते सगळ्यांत आधी सांगितलं, की एकटीनं धरू नका. बाया उतरत्या उन्हात परत निघाल्या. आपल्या शिवेवर पोचल्या तरी त्या घरी गेल्या नाहीत. पदर खोचले, तिथल्या टेकडीवर चढल्या आणि उजेड होता तोवर दगड वेचीत राहिल्या.

जशी भुईमाय ठकूबाईला राहिली, राणीला राहिली, मुक्ताऊच्या गावाला राहिली, तशी तुम्हां-आम्हांला राहो. आता मूठ उघडा, माती तुळशीत घाला. साठां पाट्यांची ही कहाणी पांचां ओंजळींत सुफळ संपूर्ण.