फुकटची पाच हजार माणसं

"पैसे देतो, पण अट एकच," असं दौलतआण्णा मगदूम म्हणाले आणि सुलक्षणा सावध झाली. पैसेवाल्याची एकच अट दुसऱ्यांच्या दहा अटींना भारी असते, हे ती आतापावेतो शिकली होती.

सुलक्षणा सुतार ही एस.टी.च्या निवृत्त कंडक्टरची मुलगी. डोंगरातल्या एका गावात पहिली एस.टी. कशी गेली, हे वडिलांनी तिला इतक्या वेळा सांगितलं होतं की शेवटी तिने त्याचा सिनेमाच करायला घेतला. गोष्ट लिहून तयार होती. नट मिळाले होते. जमीर नावाचा गुणी कॅमेरावाला मानधन मागाहून घ्यायला कबूल होता. नव्हता तो फक्त पैसा. मुंबईच्या निर्मात्यांनी तिला चहा पाजला आणि "विषय छान आहे" म्हणत जिन्यापर्यंत सोडलं. विषय छान आहे म्हणजे पैसे मिळणार नाहीत, एवढी भाषा तिला आता समजत होती. इकडे वडिलांची नजर अधू होत चालली होती. त्यांना दिसतंय तोवर त्यांची एस.टी. पडद्यावर यायला हवी, एवढ्यासाठी तिची सगळी धावपळ.

म्हणून ती जमीरला घेऊन तासगावकडच्या दौलतआण्णांच्या दारात आली. आण्णा बेदाण्याचे बडे व्यापारी. सिनेमातलं त्यांना काय कळतं, हे विचारायची कुणाची छाती नव्हती. आपल्याला न कळणारं काही जगात असतं, याची खुद्द आण्णांनाच कल्पना नव्हती.

"पैली एस.टी. बघाय सगळा मुलूख लोटलेला दिसला पायजे," आण्णा म्हणाले. "पाच हजार माणूस. अन् त्येंच्यावर तुझ्या सिनेमाचा एक रुपाया खर्च व्हायचा न्हाई. माणसं वाट बघून बघून कावलेली दिसली पायजेत, अन् गाडी आली की खरीखुरी खुलली पायजेत. खोटं हसलेलं मला लगेच कळतंय. एवढं करून दाव, मग पैशाचं बोलू."

भोवतीच्या चारपाच जणांनी माना डोलावल्या. आण्णांच्या प्रत्येक वाक्याला मान डोलावणं, हाच त्यांचा जोडधंदा होता. बाहेर आल्यावर जमीर म्हणाला की, आपण लग्नाचं शूटिंग घेऊ, निदान जेवण तरी मिळेल. सुलक्षणाचं लक्ष मात्र समोरच्या फलकावर होतं. त्यावर हात जोडलेले आण्णा होते आणि खाली त्यांच्या एकसष्टीचं निमंत्रण होतं. भव्य सत्कार, आण्णांचं मनोगत आणि स्नेहभोजन.

ती उलट पावली आत गेली. तुमचं मनोगत आम्हाला कॅमेऱ्यात घेऊ द्या, म्हणाली. आण्णांनी कॉलर सरळ केली. मग तिने आणखी दोन गोष्टी मागितल्या. जेवणाचा मांडव व्यासपीठाच्या मागे घाला आणि भाषण पूर्ण झाल्याशिवाय पंगत बसवू नका. शिवाय कुणी चिठ्ठी पाठवली तरी भाषण आवरतं घेऊ नका, असंही बजावलं. अशी विनंती आण्णांना जन्मात कुणी केली नव्हती. ते तिथल्या तिथे कबूल झाले.

एकसष्टीला पाच हजारांच्या वर माणूस जमला. सिनेमाचं शूटिंग चालू आहे हे आधीच पुकारलं होतं, त्यामुळे सुरुवातीला सगळे व्यासपीठाच्या कडेला लोकांकडे कॅमेरा रोखून उभ्या असलेल्या जमीरकडेच बघत होते. आण्णा बालपणावर होते तोवर केस नीट करणं चाललं. आण्णा पहिल्या द्राक्षबागेवर आले तेव्हा कॅमेरा असल्याचं लोक विसरले. मांडवातून मसालेभाताचा वास येत होता. पोरं रडकुंडीला आली, म्हातारे काठीवर हनुवटी टेकून व्यासपीठाच्या दिशेने बघत राहिले. भाषणात आण्णांचं आता कुठे लग्न झालं होतं.

आणि मग एकदाचे ते पाच हजार चेहरे उजळले. म्हातारे उठले, पोरांनी उड्या मारल्या, बायकांनी एकमेकींचे हात धरले आणि सगळा जमाव व्यासपीठाच्या बाजूने मागच्या मांडवाकडे उधळला. जमीरने ते सगळं टिपलं. पुढे येणाऱ्या एस.टी.चं दृश्य जोडलं की काम फत्ते.

आठवड्याने आण्णांच्या बैठकीत भिंतीवर ते चित्रण दाखवलं. आण्णा पुढे सरकून बघत होते.

"वा! ही कावलेली माणसं कुठनं आणलीस?"

"तुमच्या भाषणातली आहेत, आण्णा."

माना डोलावणारे एकदम छताकडे बघू लागले.

"अन् खुललेली?"

"तुम्ही 'एवढं बोलून मी माझे दोन शब्द संपवतो' म्हणालात ना, तेव्हाची. एकाचंही हसू खोटं नाही. बघा हवं तर."

आण्णांनी चित्रण पुन्हा लावायला सांगितलं. चेहरा लाल झाला होता. जमीरने हळूच चपला पायात सरकवल्या. दुसऱ्यांदा ती पोरं उड्या मारताना दिसली, तशी आण्णांच्या मिशा हलल्या आणि ते मांडीवर थाप मारून हसत सुटले. मग बाकीचेही हसले, जरा उशिराच.

"पैसं दिलं," आण्णा म्हणाले. "पण पैल्या खेळाला भाषण मीच करणार. तवा मला अडवायचं न्हाई."

"अडवतंय कोण?" सुलक्षणा म्हणाली. "करा की, पाहिजे तेवढं करा. फक्त सिनेमाच्या आधी करा. मग सिनेमा कसाही असू दे, सुरू झाला की टाळ्या पडणारच."

आण्णा डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. चेकबुक मागवून त्यांनी तिने मागितले होते त्याहून जास्तच पैसे लिहिले, आणि तिच्या वडिलांसाठी उत्तमातल्या बेदाण्याची एक पेटी जमीरच्या डोक्यावर दिली.