अर्धी ओवी

कॉम्प्युटर एकमेकांशी बोलत असत, तेव्हाची गोष्ट. एका घरात दोन कॉम्प्युटर एकाच वायरने जोडलेले होते. बाहेरच्या खोलीतल्या थोरल्याकडे त्या घरातल्या मुक्ताच्या वारलेल्या आईने गायलेल्या ओव्या होत्या.

आतल्या खोलीतला धाकटा म्हणायचा, "दादा, एक प्रत मलाही दे ना."

"हवं तेव्हा ऐक की! पण तुला दिल्या, तर माझ्यापाशी काय उरेल?"

थोरल्याने आजवर कुणाला काही दिलंच नव्हतं. दिल्यावर किती उरतं, हे त्याला ठाऊक कसं असणार?

एका सकाळी थोरल्याच्या पोटात खरखर सुरू झाली. "घे रे, सगळ्या घे!" तो कळवळला. पहिली ओवी निघाली, आणि ती वाटेत असतानाच तो कायमचा बंद पडला.

संध्याकाळी मुक्ताने धाकट्यावर आईचा आवाज लावला. ओवी मध्येच थांबली.

"पुढचं?" तिने विचारलं.

धाकट्याने वायरीतून हाक मारली. पलीकडे कुणीच नव्हतं.