प्लगोजीने हात सोडला

वस्तूंना वाचा होती त्या काळी, भ्रमंती नावाचे एक चाकांचे घर सायंकाळी डोंगरमाथ्यावर मुक्कामास उतरले. लांब वायरीच्या टोकाशी असलेल्या प्लगोजीने तेथील विजेच्या खांबाचा हात धरला आणि घरात आनंदाला उधाण आले. पंखा गिरक्या घेऊ लागला, मिक्सर घुमू लागला, फ्रिज हसून हसून थरथरू लागला. "सारी तुमची कृपा, प्लगोजी!" असे जो तो म्हणे आणि प्लगोजी फुलून जाई.

तोच आभाळ गडगडले. प्लगोजी दचकला. "मंडळी, हात सोडू का?"

"अहो, घाबरता काय!" भ्रमंती खिदळली. "माझ्या चारही पायांत रबरी जोडे आहेत. वीज चढेल कुठून?"

प्लगोजीने खाली पाहिले. जोडे खरेच होते. पण खांबापासून घरापर्यंत त्याचीच वायर वाट होऊन पसरली होती. सुटावे तर मैफल मोडणार, कौतुक सरणार. त्याने ईश्वराचे स्मरण केले आणि हात सोडला.

दिवे गेले. "रंगाचा बेरंग केलात!" मिक्सर ओरडला. "भित्रे कुठले!"

इतक्यात खांबावर वीज कोसळली. ठिणग्या घराकडे जाण्यास धडपडल्या आणि वाट न सापडून तेथेच विझल्या.

मिक्सर हळूच म्हणाला, "प्लगोजी, तुम्हाला लागले तर नाही ना?"

"नाही हो."

तेवढ्यात खिडकीतल्या वाऱ्याने पंखा आपसूक गरगरला आणि त्या काळोखात सारे पोट धरून हसले.